अख्खी होडी आमच्यासाठी

आई, तुला हे आवडलं नसतं, पण आम्ही अख्खी होडी भाड्याने घेतली. फक्त आम्हा चौघांसाठी. शिडाची होडी, आणि तीही वरोरहून, तुझ्या शाळेच्या गावाहून. नोटाबंदीच्या पुढच्या वर्षीचा नाताळ होता. मुलांना सुट्टी, नवऱ्याला रजा, आणि रविवारच्या पुरवणीत लोकांची टिंगल करून नाव कमावलेल्या मला नेहमीप्रमाणे विषयाची चणचण. नवरा म्हणजे कोण, ते तुला सांगायला हवं. तू गेल्यानंतर दोन वर्षांनी केला. उंच आहे, शांत आहे आणि छापील कागदावर विश्वास ठेवतो. डहाणूजवळच्या एका चिकूच्या वाडीत त्याने राहायची सोय केली होती, आणि तिथल्या कागदावर छापलं होतं की कुटुंबासाठी खाजगी शिडाची होडी मिळेल, दुसरं कुणी बरोबर नसेल, मुलांना सुकाणू धरू देऊ. तो म्हणाला, "तुझं राहून गेलंय ना हे? करून टाकू." जसं काही आधार कार्डावरचा पत्ताच बदलायचा राहिला होता.

काय राहून गेलंय, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. तुलाच कदाचित आठवत नसेल. चौथीच्या वर्गात आम्ही तेरा जण आहोत आणि होडीत बारा मुलं मावतात. जमिनीवरचे वारे नि समुद्रावरचे वारे नुसते पुस्तकातून शिकवायला तुला लाज वाटते, म्हणून दर जानेवारीत तू चौथीला समुद्रावर नेतेस. होडी वर्गातल्याच एका मुलाच्या बापाची. पाणी गुडघ्यापर्यंत आहे, एकेकाला उचलून आत घेतायत, मी ओळीत शेवटची. तू वळून म्हणतेस, "तू थांब. चपला सांभाळ." एवढंच. तेरा मुलांत आणि एका बाईंत मिळून चपलांचे जोड चार, त्यातला एक तुझा, एक माझा. म्हणजे परक्या दोन जोडांसाठी एक अख्खी मुलगी राखणीला. भरती चढत होती तशा मी त्या चपला दोनदा वर सरकवल्या. शीड लहान होत होत नखाएवढं झालं आणि तुझे शब्द कळेनासे झाले. तू काहीतरी सांगत होतीस आणि सगळे हसत होते, एवढं मात्र बराच वेळ ऐकू येत होतं.

त्यात नवीन काही नव्हतं म्हणा. शाळेत तुला बाई म्हणायचं, शाळा सुटून एसटीत बसलं की आई, असा आपला करार होता. वर्गात गोंगाट झाला की पहिली छडी मला, म्हणजे बाई पक्षपाती आहेत असं कुणी म्हणायला नको. एसटीत आई मिळायची, पण डहाणू रोड येईपर्यंत ती वह्या तपासायची. घरी स्वयंपाकघरात तव्यावर भाकरी आणि मांडीवर कुणाची तरी शुद्धलेखनाची वही. माझ्या जन्माआधी तू तळासरीकडच्या एका पाड्यावर शिकवायचीस, तिथली मोठी झालेली पोरं बाजाराला आली की आपल्या दारात येऊन बसायची, आणि तू मला सांगायचीस, "सरक, त्यांना बसू दे." मी जन्मभर सरकत आले. त्या चपलांवर मी दोन लेख लिहिले, दोन्ही गाजले. एकदा तर शिक्षक दिनाला भाषणासाठी बोलावलं होतं, तिथे बायका रडल्या. तुझ्यावर मी बऱ्यापैकी नाव कमावलं, आई.

तर ती होडी. होडीवाला माझ्याच वयाचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, केस खाऱ्या वाऱ्याने तांबूस झालेले. पूर्वी मासेमारीची असलेली होडी त्याने रंगवून घेतली होती, आडव्या फळ्यांवर गाद्या बांधल्या होत्या, मागे गरजेपुरतं मशीन होतं. मुलांना त्याने नारिंगी जाकिटं घातली, मला म्हणाला, "ताई, तुम्ही मधे बसा, कडेला नको." सकाळचा वारा जमिनीवरून येत होता. शीड फुगलं तशी होडी आपोआप किनाऱ्यापासून सुटली, आणि मागे महालक्ष्मीचा डोंगर आणि तुझ्या वेळी नसलेली थर्मल वीजकेंद्राची चिमणी एकमेकांजवळ सरकायला लागली. बारा मुलांच्या जागेत आम्ही चौघं. मी पाय लांब केले. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला तुझ्यावर सूड उगवल्यासारखं गार वाटलं.

होडीवाल्याने माझ्या धाकट्याला सुकाणूपाशी बोलावलं. "पहिलं वारा ओळखायचा. जिभेने करंगळी ओली कर. लाव दोन्ही कानांच्या पाळ्यांना. आता डोळे मिट. कुठला कान गार लागतो?"

"उजवा!"

"मग वारा उजवीकडून. झालं. आता तू तांडेल, आम्ही सगळे तुझे खलाशी."

थोरली तेव्हा तेरा वर्षांची, तिला कशाचंच कौतुक नसतं. तिनेही हळूच कान ओले केले. मी म्हटलं, "ही खास समुद्रावरची युक्ती दिसते. वडिलांनी शिकवली वाटतं?"

"बाप? बाप तर हसायचा," तो म्हणाला. "बोलायचा, वारा कळायला तुला थुंकी लागते काय रे? आमच्या बाईंनी शिकवली. शाळेतल्या."

कोसबाडच्या शिक्षक शिबिरांतून तू असलं काहीबाही शिकून यायचीस, ते मला माहीत होतं. हे माहीत नव्हतं. शेजारी बसलेल्या नवऱ्याने मान वळवली, मी त्याच्या पायावर पाय ठेवला. "कोण बाई?" मी विचारलं, जरा जास्तच सहज.

"होत्या एक. डहाणू रोडवरून एसटीने यायच्या. जाड चष्मा. मी चौथीत दोन वर्षं काढली ना ताई, बापाबरोबर मासेमारीला जायचो, शाळा बुडायची. तर बाई आमच्या अंगणात येऊन बसायच्या, खाली, जमिनीवर, आणि पाढे म्हणून घ्यायच्या. आई माझी मासळी निवडत असायची, तिला पण म्हणायला लावायच्या. बेचा पाढा येतो तिला अजून." तो हसला. "आणि मधल्या सुट्टीत डब्यातली पोळी द्यायच्या मला. गुळांबा लावलेली."

मग मी ओळखलं. तोच तो, ज्याच्या बापाची होडी होती. आणि ती पोळी तुझ्या डब्यातली नव्हती, आई, माझ्या डब्यातली होती. गुळांबा फक्त माझ्या डब्यात असायचा.

थोरलीने तोंड उघडलं, "आई, म्हणजे ही तर आपली..." मी म्हटलं, "लाटा बघ." ती माझीच मुलगी असल्यामुळे तिला पुढचं कळलं आणि ती गप्प बसली. मला ऐकायचं होतं. आपल्याच घरात चोरासारखं शिरून कपाटं उघडत बसावं, तसं वाटत होतं. तो सांगत राहिला. चौथी दोनदा केल्यामुळे त्याला तुझी ही सफर दोनदा मिळाली, नापास झाल्याचा एवढा तरी फायदा. आणि दोन्ही वेळा तुला होडी लागली. "लय उलट्या करायच्या बाई. तरी दर वर्षी यायच्या. एका हाताने माझा खांदा धरायच्या, तोंड पुसायच्या, आणि परत वाऱ्याचं सांगायच्या. आम्ही हसायचो तर त्या पण हसायच्या." किनाऱ्यावर मला ऐकू आलेलं हसणं ते. तुला उलटी होताना मी लहानपणी कधीही पाहिलेलं नाही. घरी तू आजारी पडायची नाहीस. तुला वेळच नसायचा.

"बाईंची पोरगी पण होती आमच्या वर्गात," तो म्हणाला. "एकदम तिरसट. नाक असं." त्याने सुकाणूवरचा हात काढून नाक कसं ते दाखवलं. माझ्या दोन्ही मुलांनी माझ्या नाकाकडे पाहिलं. "ती नाय आली होडीत. बसली तिकडे चपला घेऊन."

"का बरं?" हे नवऱ्याने विचारलं. त्याचा पाय अजून माझ्या पायाखाली होता.

"घाबरायची पाण्याला. घोट्याएवढ्या पाण्यात पण रडायची. बाई चढताना आम्हाला बोलल्या, तिला कुणी हसायचं नाय, मी तिला काम दिलंय."

मी पाण्याला घाबरत नव्हते, आई. मला तसं ठाम आठवतं, मी तसं दोनदा छापलंही आहे. पण त्या वेळी होडी जराशी कलली, आणि माझे दोन्ही हात खालच्या फळीला इतके घट्ट चिकटलेले मला दिसले की बोटांची नखं पांढरी पडली होती. ते कधीपासून तसे होते कोण जाणे. धाकटा सुकाणू धरून ओरडत होता, "आई, बघ ना!" आणि मी मान वळवून बघू शकत नव्हते. तू खरं सांगितलंस की माझी अब्रू राखायला काहीतरी रचलंस, हे आता कुणाला विचारणार? मला लागलं ते वेगळंच. माझ्याबद्दल तू जे बोललीस ते या माणसाने जवळजवळ चाळीस वर्षं जपून ठेवलं होतं, आणि मला ते भाड्याच्या होडीत, गादीवर बसून, परक्या बाईसारखं ऐकायला मिळालं.

दुपारी वारा फिरला, समुद्रावरून यायला लागला. पुस्तकात असतं तसंच. मुलांनी कान ओले करून ते तपासून पाहिलं. किनारा जवळ येत होता तेव्हा त्याने शीड सैल सोडलं आणि विचारलं, "तुम्ही पुण्याच्या ना ताई? बाई पण पुण्यालाच गेल्या. साहेबांची बदली झाली रेल्वेतली, तेव्हा नोकरी सोडून गेल्या. आता सत्तरी पार असतील. तिकडे कुणाला माहीत असेल तर बघा ना. एकदा न्यायचं आहे त्यांना यातून. आता मशीन पण आहे, सावकाश नेणार. उलटी होऊ नाय देणार."

मी काय म्हणाले सांगू? म्हणाले, "येतील की. चौकशी करते मी."

गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "सांगायला हवं होतंस."

"एवढ्या आशेने विचारत होता. कसं सांगणार?"

"म्हणून 'येतील' म्हणालीस?"

"मन मोडवेना."

त्याने ते मानलं. सांगितलं ना, विश्वास ठेवणारा माणूस आहे. या गोष्टीला आता दीड वर्ष होऊन गेलं. मागच्या दिवाळीनंतर होडीवाल्याचा मेसेज आला. मुलांचे फोटो पाठवायला म्हणून त्याने नंबर घेतला होता. 'ताई सीझन चालू झाला. बाईंचा पत्ता लागला काय.' मी तो उघडलेला नाही, वरच्या वरच वाचला, म्हणजे वाचल्याची निळी खूण त्याला दिसायला नको. वरोरला एक माणूस तुझी वाट बघतो आहे. त्याच्याकडे तू अजून आहेस, चष्मा लावून, पुण्यात कुठेतरी. माझ्याकडे नाहीस. याचासुद्धा मला हेवा वाटतो, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

मन मोडवेना वगैरे खोटं आहे. गेल्या म्हटलं की तो पुढचं विचारणार, कशा गेल्या, शेवटी काय बोलल्या. ते मला द्यायचं नाही. दवाखान्यातले ते अकरा दिवस. बाबा आधीच गेलेले, नातेवाईक येऊन जाऊन. खाटेवर तू, स्टुलावर मी. वह्या नाहीत, एसटी गाठायची नाही, दारात कुणाची पोरं नाहीत. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवसांत मी सुखात होते. सव्विसाव्या वर्षी मला माझी आई पूर्णवेळ मिळाली होती. मग नवव्या दिवशी दुपारी, ऊन खाटेच्या पायापर्यंत आलेलं असताना, तू ग्लानीत हजेरी घ्यायला लागलीस. वरोरची चौथी. आधी मुलगे, मग मुली. नाव घ्यायचीस, क्षणभर थांबायचीस, पुढे जायचीस. मी स्टूल जवळ ओढून बसले आणि माझं नाव यायची वाट बघू लागले. मुलग्यांत शेवटचा तो, होडीवाला. त्याच्या नावापाशी तू अडलीस. पुन्हा घेतलंस. तिसऱ्यांदा घेतलंस तेव्हा कपाळाला आठी पडली, आजही शाळा बुडवून मासेमारीला गेला की काय अशी. पुढे सरकेचनास. शेवटी मला राहवेना, मीच म्हटलं, "हजर."

डोळे न उघडता तू हसलीस. "आलास?" म्हणालीस, आणि झोपी गेलीस. त्यानंतर तू कुणाचंच नाव घेतलं नाहीस. पटावर त्याच्यानंतर मुली सुरू व्हायच्या, आणि मुलींत पहिलं नाव माझं होतं.