उलटी फेरी

प्रिय महेमूद,

मी श्रीपती केशव राजूरकर, वय चोपन्न, मुंबई विद्यापीठाचा बी.कॉम., जालन्यातील एका जिनिंग कारखान्याचा मुख्य हिशेबनीस. हे पत्र शहराच्या नकाशाविषयी आहे. शाळेपासूनच्या मित्राने अशी ओळख करून द्यावी याचे तुला हसू येईल. परंतु हैदराबादकडे जाणारी पत्रे हल्ली वाटेत उघडली जातात असे ऐकतो. लिहिणारा कोण आणि विषय काय, हे आरंभीच कळले तर उघडणारा पुढचे वाचणार नाही, अशी आशा आहे. आता तुझ्याशी बोलतो.

तुझ्या बहिणीच्या घरी तुम्ही सर्व सुखरूप पोहोचल्याचे कळले. इकडे विमलचा गुडघा थंडीने पुन्हा धरला आहे. मैमूनाभाभींच्या कोंबड्या आमच्याकडे आहेत. विमल त्यांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येऊ देते, त्यापुढे नाही. आणि त्या मर्यादा पाळतात हे ती शेजारणींना अभिमानाने सांगते. भाभींना एवढे अवश्य सांग.

मागील आठवड्यात पेटी आवरताना माझे दोन्ही नकाशे निघाले. बल्दियेची, म्हणजे आपल्या नगरपालिकेची, पहिली निवडणूक झाली तेव्हाचा नकाशा पाहून तू म्हणाला होतास की हा नकाशा नसून गोधडी आहे. मतांच्या पेट्या मोहल्ल्यानुसार वेगळ्या होत्या, म्हणून प्रत्येक मोहल्ल्यात जो गट पुढे, त्याचा रंग मी भरला होता. आडत्यांचा गट तांबडा, विणकरांची मंडळी हिरवी, जिनिंगमधल्या मजुरांचा गट जांभळा, घरपट्टी कमी करा म्हणणारे निळे, आणि आपण पिवळे. कागदोपत्री आपले नाव ‘शहर सुधारणा मंडळी’. गावाने मात्र ‘तोटीवाले’ म्हणूनच ओळखले. घाणेवाडीच्या तलावाचे पाणी मोठ्या पेठेपर्यंत येऊन थांबते, ते मागच्या गल्ल्यांत न्यावे, एवढेच आपले मागणे होते. एवढ्याशा मागण्यावर पक्ष उभा राहतो यावर तुझ्याशिवाय कोणाचा विश्वास नव्हता, माझा तर नव्हताच.

त्या वेळची आपली उलटी फेरी तुला आठवत असेलच. कल्पना तुझीच. तू आमच्या गल्लीत मते मागायची आणि मी तुमच्या मोहल्ल्यात. माझे सरकारी मदरशातले उर्दू ऐकून तुमच्या गल्लीतले पाशामियाँ म्हणाले होते की कचेरीतला हुकूमनामा चालत दारी आला. आणि तुझे मराठी ऐकून आमच्या गल्लीतल्या बायका आत माजघरात हसत. माळ्यांच्या गल्लीतला कडूबा हा आपला तिसरा उमेदवार. आपल्या दोघांना असे आडवे जाताना पाहून तो सगळ्यांना सांगत फिरला, “ह्यांची घरं चुकून राह्यली, मतं द्या म्हंजे बिचारे घरी जातील.” लोकांनी मते दिली. परका माणूस दारात येऊन मागतो तेव्हा त्याला नाही म्हणणे जड जाते, हे तुझे गणित कॉमर्सच्या कोणत्याही पुस्तकात नव्हते. तुमचा मोहल्ला आणि आमची गल्ली नकाशात पिवळी झाली, आणि वर्षाच्या आत दोहोंच्या सीमेवर कडुनिंबाखाली तोटी बसली.

दुसऱ्या निवडणुकीच्या वेळी हवा पालटली होती. आपल्या मंडळीतले वडीलधारे कारभारीअण्णा बैठकीत म्हणाले, दिवस बरे नाहीत, आपापल्या लोकांत फिरा, वेळही वाचेल. सर्वांना ते पटले. तू चहाची बशी फिरवत राहिलास. मी माझ्या गल्लीत फिरलो. लोक आदराने बसवत, पान देत, आणि म्हणत, श्रीपतराव, तुम्ही तर घरचेच, तुमचे काय! तेव्हाच मला कळावयास हवे होते की घरच्या माणसाला नाही म्हणणे किती सोपे असते. निकालानंतर विणकर, मजूर, घरपट्टीवाले, सगळे विरघळले; अर्धे इकडच्या मोठ्या गटात, अर्धे तिकडच्या. नकाशाला दोन रंग पुरले. तुमच्या मोहल्ल्याच्या पेटीतून आपले एक मत निघाले आणि आमच्या पेटीतूनही एक. ती कोणाची, हे विचारण्याची आपल्याला गरज पडली नाही. एका मतासाठी रंग भरत नाहीत, हा माझाच नियम; तरी मी दोन्ही ठिकाणी पिवळा ठिपका दिला आहे. एक तुझ्या घरावर, एक माझ्या.

त्यानंतरच्या वर्षात आमच्या दारावर लुटीच्या खुणा झाल्या तेव्हा तू त्या स्वतःच्या हाताने पुसल्यास आणि पुसताना कोण पाहतो आहे याची पर्वा केली नाहीस. हे मी कधी बोललो नाही. मग भाद्रपदात हिंदुस्थानच्या फौजा आल्या आणि पारडे फिरले. तुझ्या लाकडाच्या वखारीविषयी तुला इतरांकडून कळलेच आहे; मी पाहिले ते सांगतो. भर दुपार होती. कडूबा आणि मी आपल्याच तोटीवर घागरी लावल्या. तोटी पूर्ण उघडली होती, आणि धार करंगळीएवढी. घागर भरण्याची वाट पाहत आम्ही उभे होतो, समोर सागवान पेटत होते. दुसरी घागर भरेपर्यंत छप्पर बसले. पाणी आणले आपण, परंतु ते अशा कामाला लागेल असे मागताना कोणाच्या मनात आले होते! कडूबा हल्ली त्या वाटेने जात नाही. काल भेटला, तर एवढेच म्हणाला, “महेमूदभाईला सांगा, म्या आल्तो. उशीर झाल्ता, पण आल्तो.”

आता हे पत्र ज्यासाठी लिहावयास बसलो ते लिहितो. एवढा वेळ टाळले. नव्या कारभारात नव्या मतदारयादीसाठी शहराची घरमोजणी होत आहे, आणि मोहल्ल्यांचा नकाशा करण्यास मला नेमले आहे, कारण असे नकाशे पूर्वी कोणी केले याची चौकशी करता माझेच नाव निघाले. तुमच्या मोहल्ल्याची फेरी सोमवार, वीस डिसेंबर रोजी आहे. घरातील माणसाने समक्ष दारात नाव सांगितले तर घर ‘वसते’ धरतात. न सांगितले तर ‘रिकामे’, आणि रिकामी घरे बाहेरून आलेल्यांना मिळणार. शेजाऱ्याची साक्ष चालेल का, असे मी अधिकाऱ्याला विचारले. तो सभ्य माणूस आहे. त्याने मला बसावयास खुर्ची दिली आणि नाही म्हणाला. तेव्हा ‘ये’ असे लिहिण्यासाठी मी लेखणी उचलली. परंतु स्टेशनापासून तुझ्या दारापर्यंतच्या रस्त्याची हमी मी घेऊ शकत नाही. ज्यांना ज्यांना विचारले त्यांपैकी कोणीच घेत नाही. ‘येऊ नकोस’ असे लिहावे, तर तुझ्या घरावर ‘रिकामे’ हा शब्द मलाच लिहावा लागेल. दोन दिवस दोन्ही वाक्ये लिहून खोडली. तुला काय सांगावे ते मला ठरवता येत नाही, महेमूद. तू ठरव, आणि जे ठरवशील त्याबद्दल मला काही समजावून सांगू नकोस. त्या सोमवारी मी उलट्या फेरीला निघेन. किल्ली माझ्याकडे आहेच. सकाळी दार उघडून, ओटा झाडून बसेन. माझ्या नावाचा तेथे काही उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे. पण दार उघडे असताना घर रिकामे समजावे, असे नियमात कोठे लिहिलेले नाही. मी तपासले आहे.

तुझाच,
श्रीपती केशव राजूरकर
जालना, ता. ६ डिसेंबर १९४८