गोवराची लस आणि संपूर्ण माहिती

४ फेब्रुवारी, बुधवार
आजपासून आरोग्य केंद्रात लस टोचण्याआधी प्रत्येक आईला संपूर्ण माहिती द्यायची. अर्धवट सांगणं ही फसवणूकच. नऊ महिन्यांच्या मुलीला घेऊन ईशा आली. नगरा या हिंदी भाषक वस्तीतल्या तिच्या गल्लीत एका घरी गोवर निघालाय, म्हणजे डोस तातडीचा. ताप, पुरळ, दहा लाखांत एखाद्याला येणारी तीव्र रिॲक्शन, सगळं तक्त्यासकट चाळीस मिनिटं समजावलं. मग तिच्याकडून म्हणवून घेतलं. एक शब्द चुकली नाही. डोळे भरून आले. (माझे.) म्हणाली, भैया जी, घर में पूछ के आते हैं. जाणती संमती म्हणतात ती हीच.

७ फेब्रुवारी
ईशा आली नाही. मी काही वगळलं का? टिपणं तपासली. सुईच्या जागी येणारी गाठ राहून गेली होती. चूक माझीच. यापुढे गाठही सांगायची.

११ फेब्रुवारी, बुधवार
बोलावली बावीस मुलं, आली सहा. गाठीसकट सांगितलं. थांबली दोन. थंडी फार आहे. प्रेमला सिस्टर (नोकरी सव्वीस वर्षं, तक्ता एकही नाही) म्हणाल्या, अरे देवेंद्र, तू लस टोचतोस की पोथी वाचतोस?

१३ फेब्रुवारी
ईशाच्या गल्लीत गेलो. हातपंपापाशी ती चार बायकांना समजावत होती. क्रम माझा, हातवारे माझे. फक्त दहा लाखांचा आकडा गळला होता. उरलं ते, किसी एक को तो होता ही है. चौघींनी आपापली पोरं उचलून कडेवर घेतली. माहिती समाजात झिरपते आहे.
घरी ऋताला सांगितलं. बायको म्हणून तिनं कौतुक करायचं, तर विचारते, मग लस कितींनी घेतली? इतक्या लवकर निष्कर्ष काढू नये, म्हटलं.

१७ फेब्रुवारी
गोवर ईशाच्या शेजारच्या घरात. जेवण गेलं नाही. प्रेमला सिस्टर गल्लीत जाऊन आल्या. काय सांगितलंत, विचारलं. ताप येईल, उतरेल. टोचल्यावर अर्धा तास माझ्यासमोर बसा. घाबरलात तर मला फोन करा, मी येते. म्हटलं, पुढे? म्हणाल्या, पुढे चहा प्यायले.
तीन वाक्यं. तक्त्याशिवाय.

१८ फेब्रुवारी, बुधवार
सिस्टरनी सकाळीच मागच्या खोलीत रजिस्टर लिहायला बसवलं. जबाबदारीचं काम, म्हणून मला. दाराशी ईशाचा आवाज आला, वो समझाने वाले भैया आज हैं क्या? सिस्टर म्हणाल्या, छुट्टी पे हैं. मग तिची मुलगी रडली. खणखणीत. पाठोपाठ आणखी एकवीस.
संध्याकाळी कळलं, माझी पुढच्या बुधवारचीही रजा मंजूर आहे. अर्ज मी केला नव्हता.