बिनचिंधीची किल्ली

मंगळवार, संध्याकाळ

सरपंच गयाबाईंना त्यांच्या कामाबद्दल विचारायला गेलो होतो. वाटलं, रस्ता सांगतील, नळ सांगतील. त्यांनी भिंत दाखवली. ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरांच्या किल्ल्या खिळ्यांना टांगलेल्या, प्रत्येकीला त्या घरच्या बाईच्या लुगड्याची चिंधी.

"वाचता येत न्हाई मला. चिंधीवरून घर वळखते."

एका किल्लीला चिंधीच नव्हती. मी हसत विचारलं, "मग ही कशी वळखता?" कशाला हसलो, कोण जाणे.

"तिची मालकीण उसाच्या फडातच वारली. नवरा एकटाच वापस आला. म्हणला, मावशी, त्या घरात पाय ठेववत न्हाई, किल्ली राहू द्या, चिंधी तेवढी सोडून मला द्या."

त्यांनी किल्लीवरून बोट फिरवलं.

"आता समद्यात आधी हीच वळखू येती."