ब्रेक कोणी दाबला

ता. ९ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप आईंना साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. तुमचे गुडघे कसे आहेत आणि गाय चारा नीट खाते का, ते आधी कळवा. बाकीचं मग.

गेल्या खेपेला एसटीने येऊन मी तुम्हाला इकडे राहायला चला म्हणालो, तेव्हा तुम्ही म्हणालात, "गाय इथे आणि मी तिथे, हे जमायचं नाही." आपल्या पिकअपचा हौदा उंच, म्हाताऱ्या गाईने त्यात चढायचं कसं, म्हणून विषय तिथेच मिटला. माझ्या मनातून मात्र तो गेला नव्हता. आता ऐका. एक ठेंगणा ट्रेलर मिळाला आहे. मागची फळी खाली टाकली की उतार होतो. अंगणातून गोठ्यात जावी तशी गाय चालत आत जाईल.

ट्रेलर ओढायचा तर गाडीला मागे हूक हवा, आणि तुमच्यापर्यंत यायचं तर स्टेपनीही हवी. तुम्हाला ठाऊक नसेल, पण ही गाडी कितीतरी दिवस स्टेपनीशिवायच फिरत होती. ती खाली टांगायची साखळी गंजून तुटली, आणि मी नवी लावली नाही. जवळच्याच फेऱ्या, कशाला हवी, असं स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे तुमची लेक गेल्यापासून गाडी घेऊन लांब कुठे जावंसंच वाटलं नाही.

हूक बसवायला चौकातला वेल्डर आला. तोच तो, सवयीने बोलतानाही डोळे मिटून घेणारा. सकाळी देवाला हात जोडले आणि आम्ही दोघे गाडीखाली शिरलो. नट इतके गंजलेले की आदल्या दिवशीच त्यांना तेल पाजून ठेवलं होतं, तरी दोन शेवटी कापावेच लागले. आधी नवी साखळी लावून स्टेपनी वर ओढून घेतली. मग तिच्या खालून हुकाचा जाड लोखंडी दांडा आडवा बसवला. बोल्ट आवळताना मी पान्याला अक्षरशः लोंबकळलो. काम झालं तसे हात पुसत, मुलगी बघायला आल्यासारखे दोघे गाडीकडे बघत उभे राहिलो.

तेवढ्यात कोणीतरी विचारलं, "पंक्चर झालं तर ही स्टेपनी खाली कशी येणार?"

आम्ही दोघे वाकलो. दांडा बरोबर टायरच्या खाली आला होता. सगळा हूक सोडल्याशिवाय स्टेपनी निघणार नव्हती. वेल्डरने डोळे मिटले आणि म्हणाला, "चोराला मिळायची नाही, एवढं नक्की."

"मालकालाही नाही," कोणीतरी म्हणालं.

आई, या अंगणात इतकं हसणं किती दिवसांनी झालं म्हणून सांगू. मी हसता हसता खाली मातीत बसलो. मग सगळं पुन्हा सोडलं. आता स्टेपनी हौद्यात, केबिनच्या मागे उभी आहे, लोखंडी पट्टीने आवळलेली. हौद्यातली थोडी जागा गेली, पण स्टेपनी हात घातला की मिळते. तुमची ट्रंक आणि गाद्या तिच्या शेजारी आरामात मावतील, मी मापून पाहिलं.

वेल्डर गेल्यावर ट्रेलरच्या दिव्यांची वायर जोडली. मागे उभं राहून एकेक दिवा पाहिला. ब्रेक दाबल्यावर दोन्ही लाल दिवे लागले. वळायचे दिवेही बरोबर लागले.

हे लिहिलं आणि थांबलो. तुमच्या नजरेतून हे सुटायचं नाही. मी मागे उभा, वेल्डर घरी गेलेला, मग पुढे बसून ब्रेक कोणी दाबला?

हे काम तुमच्या लेकीचं होतं. ती गेल्यावर मी गाडीची पाठ भिंतीकडे करून ब्रेक दाबायचो आणि भिंतीवर लाल उजेड पडतो का ते आरशात बघायचो. सहा वर्षं भिंतीनेच साथ दिली.

ब्रेक रोपवाटिकेच्या बाईंनी दाबला. त्यांची रोपं मी पोचवतो. वर "कोणीतरी" लिहिलं ते त्याच. ट्रेलर "मिळाला" असं लिहिलं, तोही त्यांचाच. त्याही माझ्यासारख्या एकट्याच राहतात. मी उजवीकडचा दिवा सांगितला तर त्यांनी वायपर सुरू केला, आणि वर मलाच म्हणाल्या, "काच घाण होती, आधी ती पुसली."

आई, आम्ही लग्न करावं असं म्हणतो आहोत. लिहिलं एकदाचं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने सासूला असं लिहावं की नाही, मला कळत नाही. रोज सकाळी देवासमोर बसतो, त्याला विचारतो. तो काही रागावलेला दिसत नाही. पण तुमचा चेहरा मला इथून दिसत नाही.

बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई राहायला येणार असतील तर येईन. नुसत्या तुमच्या भरवशावर नाही."

तुम्ही नको म्हणालात तर ट्रेलर परत करीन आणि पुन्हा भिंतीपाशी जाईन. तक्रार करणार नाही.

आजवर पत्राखाली "जावई" लिहीत आलो. आज पेन तिथेच अडलं. ते नातं अजून माझं आहे की नाही, ते तुम्हीच सांगा. तोवर जागा मोकळी ठेवतो.

तुमचा
..........


ता. १५ फेब्रुवारी

चिरंजीव जावईबापूंना अनेक आशीर्वाद.

तुम्ही मोकळी ठेवलेली जागा वर भरली आहे. पुन्हा असली पत्रं अर्धवट धाडू नका.

पहिलं "कोणीतरी" वाचलं तेव्हाच चष्मा पुसून नीट बसले. येणाऱ्याजाणाऱ्याची ओळख माणूस सांगून टाकतो. जे मनात असतं, त्याचंच "कोणीतरी" होतं.

रडले. खोटं कशाला बोलू. आमची पोर ब्रेक दाबून आतून ओरडायची ना, "दिसलं का?" ते कानात आलं. मग गोठ्यात जाऊन गाईला सगळं वाचून दाखवलं. ती रवंथ करत राहिली, म्हणजे तिची हरकत नाही. माझी असायचं कारण नाही. सहा वर्षं भिंतीशी संसार केलात आणि मला एका अक्षराने कळवलं नाहीत, त्याचा राग मात्र आहे. तो समोर आल्यावर काढीन.

त्या बाईंना सांगा, अट ऐकली. माझ्याही आहेत. गाईला कोणी ओढायचं नाही. ती आपल्या मर्जीने चढेल, मालकिणीसारखीच. येताना खिडकीची जागा माझी, बाई मधे बसतील. म्हणजे त्यांनाही बरोबर घेऊन या, हे वेगळं लिहायला नको.

ट्रंक आवरायला घेतली आहे. निघायच्या आधी इथे अंगणात दिवे पुन्हा तपासायचे. ब्रेक त्या दाबतील. तुम्ही बाजूला व्हा. मागे मी उभी राहीन, आणि दिसलं की ओरडून सांगीन.

माझ्या लेकीची, तुमची आणि आता त्या बाईंचीही,
आई