कोसंबीखालचा उंचवटा

१४ नोव्हेंबर १९८६
कॅम्प लागला. गोंडपिपरीच्या वाटेवर, मोहाच्या झाडांखाली. तंबूचे खुंटे ठोकताना आमचे पार्टी चीफ घोषसाहेब (बंगाली, पोटाचे नाजूक, मनाचे बरे) म्हणाले, "रामटेके, तुम्हारा गाँव किधर?" ताडाच्या झाडाकडे बोट दाखवलं. त्या ताडामागे कोसंबी.
आसाम झालं, जैसलमेर झालं, कावेरीकाठ झाला. सगळ्या देशाच्या जमिनीला कान लावून झाले आणि आता वरच्यांना वाटलं, तेल आमच्या कोसंबीत असेल. हसू येतं. पण नकाशावर सर्व्हेची लाइन गावाच्या अंगावरून जाताना पाहिली तेव्हा तिच्यावरून दोनदा बोट फिरवलं. खोटं कशाला लिहू.

१६ नोव्हें.
सायकलने घरी. आई अंगणात धान वाळवत होती. पहिलं वाक्य, "वाळला रे बापा!" मी चांगला ढोल झालोय, पँट कमरेत बसत नाही.
"किती दिवस हायेस?"
"उन्हाळ्यापर्यंत."
"मंग?"
"मंग पाहू."
बाबा गेल्यापासून एकटी. एकदा जैसलमेरला नेलं होतं. महिनाभरात परत. "तिथी झाड नाई, पानी नाई, बोलाले मानूस नाई. मले माह्या घरी नेऊन टाक." तेव्हापासून तो विषय काढायचा नाही असं दोघांचं ठरलंय, न बोलता.
जेवण: लाल भात, वांगं, वर सांबार (कोथिंबीर) पेरलेला. परत येताना अंधार आणि तीच वाट. शाळेतून येताना इथेच करवंदं खायचो.

२१ नोव्हें.
गावात सभा. लाइन शेतांतून जाणार, म्हणून समजावायला मलाच उभं केलं. ऋषी भेटला! ऋषी मेश्राम, ढिवराच्या घरचा, माझ्याबरोबर चौथीपर्यंत. मिशा आल्यात, बाकी तोच. त्याला कामावर घेतलं.
सगळ्यांना सांगितलं: बरम्यानं जमिनीत भोक पाडतो, त्यात बार उडवतो. हादऱ्याची लाट खाली जाते, खडकाच्या थरांवर आपटून वर येते. वर आम्ही जिओफोन रोवून ठेवतो, ते ऐकतात. लाट लवकर आली तर थर वर आहे, उशिरा आली तर खोल.
ऋषी म्हणाला, "म्हंजे विहिरीत गोटा टाकून पानी किती खोल ते पाहते, तसंच."
"हाव, तसंच."
लोक हसले, काम सोपं झालं. एकच अट घातली त्यांनी: उभ्या धानात बरमा नाही. कबूल. नाहीतरी हा आमच्या पार्टीचा नेमच आहे.

२५ नोव्हें.
चाचणीचे बोअर पाडले. वरची माती किती मऊ, तिच्यातून लाट किती रमतगमत येते, हे आधी मोजावं लागतं. मग तेवढा उशीर हिशोबातून वजा. नाहीतर मऊ माती खडकाला उगाच खोल दाखवते. धान उभं, म्हणून बोअर रस्त्यावर आणि जुन्या पाळीवर, मातीच्या बांधावर. घट्ट मुरूम लागला. छान.

६ डिसेंबर
सुट्टी घेतली. संध्याकाळी आईबरोबर विहारात. बाबा दरवर्षी पुढे उभे राहून त्रिसरण म्हणायचे, त्यांचा आवाज फाटका होता पण मोठा. आज त्यांच्या जागी शाळेतला एक मास्तर. बरा म्हणतो. आईनं मेणबत्ती लावली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुह्या बापानं तुले शिकवलं त तू लांब गेला. नसतं शिकवलं त इथी असता." मग स्वतःच, "काही बी बोलते मी."

१९ डिसें.
धान कापून झालं. लाइन रिकाम्या शेतांत शिरली. कापलेल्या धसकटांत लाखोळी डाळ उगवलीय, हिरवीगार, तिच्यातून केबल ओढली. मजूर जिओफोनला खुंट्या म्हणतात. दिवसभर बार. प्रत्येक बाराला बगळे उडतात, पुन्हा त्याच जागी बसतात. त्यांना सवय झाली, मला नाही.
शेवटची खुंटी रोवली तिथे उभा राहिलो आणि एकदम ओळखलं. इथे तलाव होता. माझ्या पोहण्याचा तलाव.
बाबांनी पाठीला वाळलेला तुंबा बांधून मला ढकलून दिलं होतं. भोपळा वर, मी खाली, पाणी नाकात, बाबा पाळीवर हसतायत. ऋषीच्या आजाचा मासेमारीचा डोंगा. कमळाचे कांदे उपटून आणायचो, आई चुलीत भाजून द्यायची. मी पाचवीत असताना पाळ फुटली. कुणी बांधली नाही, गाळ बसत गेला, मग नांगर फिरला. आता तिथे धानाच्या बांध्या. नवख्याला सांगूनही पटायचं नाही.
घोषसाहेबांचं पोट पुन्हा. सांगितलं होतं, रस्सा खाऊ नका म्हणून.

२० डिसें.
आईला तलावाबद्दल बोललो. मी आपला तरंगतोय आठवणीत. तिनं भाकरी थापता थापता एवढंच विचारलं, "आपला घाट कोठी होता, आठवते?"
आठवतं. सगळ्यांचा घाट पायऱ्यांचा, वडाखाली. आमचा पलीकडच्या टोकाला, चिखलाचा, जिथे सगळ्यात खोल. आई तिथून घागर भरून अर्धं गाव वळसा घालून यायची.
"तलाव गेला त मी काही रडली नाई," म्हणाली.
बरोबर आहे तिचं. तरी मला तुंबा आठवतोच. दोन्ही खरं.

२९ जानेवारी १९८७
सेक्शन आलं!! जमिनीचा उभा छेद. बारांच्या नोंदींच्या आपल्या टेपा हिशोबाच्या सेंटरच्या कॉम्प्युटरनं महिनाभर चावल्या आणि ही गुंडाळी पाठवली. तंबूत टेबलावर पसरली. चार कोपऱ्यांना चार माणसं. कागदावर काळ्या रेघा, थरावर थर, आणि बरोबर मधोमध सगळे थर वर उचललेले. कासवाची पाठ. घोषसाहेब माझ्याकडे, मी त्यांच्याकडे. अशाच पाठीखाली तेल किंवा गॅस कोंडून बसतो.
खालचे खुंट्यांचे नंबर पाहिले. बरोबर कोसंबी गावठाणाखाली.
घोषसाहेब: "रामटेके, यहाँ कुआँ होगा. दो-तीन साल का काम. चंद्रपूर में ऑफिस. तुमको यहीं रखेंगे, लिख के देता हूँ."
कोंबडं कापलं. सायकल हाणत घरी गेलो. आईला दारातूनच सांगितलं. आई, मी इथंच राहणार. चंद्रपूर म्हणजे काय, शनिवारी घरी. तिनं दोनदा विचारलं, "खरंच म्हन्तं?" हाव, खरंच.

२ फेब्रुवारी
घरी गेलो तर आई खुर्चीवर चढून मागची खोली पोतारतेय. पांढरी छुईमाती, कोपरापर्यंत हात माखलेले. "उतर, पडशील!" "पडत नाई मी." सुताराकडून खाट आणली, नवी सुतळी विणून घेतली. बाबांच्या खोलीत. "तू आला की इथी झोपजो. बायको केली तरी पुरते." आता हेही सुरू.
ऋषी वाटेत. तेलाची विहीर पडली की मला ड्रायव्हर लाव म्हणतो. गाडी कुठे येते तुला? "शिकतो ना लेका!"
इतका आनंदात मी कधी होतो, आठवत नाही. लिहून ठेवतो.

५ फेब्रु.
सेक्शन पुन्हा काढलं. उगाच. आवडतं म्हणून, नव्या बाळाकडे बघतात तसं.
आणि नको ते दिसलं.
वरचा थर जसा उचललाय, त्याच्या खालचा तसाच. अगदी तळाचा तसाच. तोच आकार, तेवढीच उंची. खडक असा वागत नाही. खरा उंचवटा खोलात गेला की रूप बदलतो. सगळे थर एकसारखे वाकले, तर समजावं की खोटं वरच्या मातीत आहे.
मग उंचवट्याऐवजी त्याच्या दोन बाजूंचे खळगे पाहिले. एक पश्चिमेला. तिथे तलाव होता. एक पूर्वेला. तिथे बोडी होती, लहानसं तळं, तलावाच्या आधीच बुजलेलं. मधे टेकाडावर कोसंबी, मुरमाची, घट्ट.
चाचणीचे बोअर पाळीवर आणि रस्त्यावर. गाळात एकही नाही, कारण धान उभं होतं. प्रोग्रॅमले काय, दिलं ते गिळते. त्यानं सगळीकडे मुरूम धरला. गाळातून लाट रेंगाळत आली, त्याला वाटलं खडक खोल. दोन्हीकडे खोल, म्हणून गाव वर.
उंचवटा नाहीच. जेवलो नाही.

६ फेब्रु.
कदाचित माझं चुकत असेल. गाळ किती असणार? हातभर. हातभर गाळानं एवढं होत नाही.
पण मी त्यात बुडालो होतो ना. आमच्या घाटावर बाबांचे पाय टेकत नव्हते, आणि पाणी गेलं तेव्हा तेवढंच खाली काळं लदलद. त्यात म्हैस रुतून मेली होती.

७ फेब्रु.
न बोललो तर कुणाला कळणार? घोषसाहेब खूश, सेंटर खूश. कोसंबीचा तलाव कुठल्या नकाशावर नाही. विहीर खणतील, कोरडी निघेल. कोरड्या विहिरी काय निघत नाहीत? रोज निघतात. तोवर तीन वर्षं आईजवळ. तिला आता विहिरीवरून पाणी आणताना दम लागतो, परवा पाहिलं.
लय वाईट वाटून राह्यलंय. नुसतं वाईट नाही, राग. त्या तलावाचा राग.

८ फेब्रु.
सांगितलं.
घोषसाहेब इसबगोल घेत होते. पेला खाली ठेवला. बराच वेळ सेक्शनवर वाकलेले. "तालाब? पक्का?"
"जी."
"किनारा कहाँ तक था, कैसे बताओगे? बीस साल हो गए."
म्हटलं, मेरी आई का घाट सबसे गहरे में था, वहाँ से नापूँगा.
त्यांनी सेक्शनची गुंडाळी केली. "तुम जानते हो ना, इसका मतलब?" जाणतो साहेब. मग म्हणाले, बोअर लावा. आवाज मऊ होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१३ फेब्रु.
वडाचा बुंधा अजून आहे. तिथून पावलं टाकत आमच्या घाटाच्या जागी. बरमा लावला. मुरूम नाहीच. काळा गाळ, बरमा लोण्यात जावा तसा गेला. दोन पुरुष खोलीवर शिंपले आले वर, गोगलगायीचे शंख, कुजलेल्या देठाचे तुकडे. वास! तोच वास. तुंबा पाठीला, नाकात पाणी. सगळ्या मजुरांसमोर डोळे पुसावे लागले. धूळ गेली म्हणालो.
बोडीतही तेच.
ऋषीला सगळं समजलं होतं. बिडी विझवली आणि म्हणाला, "तुले कोन सांगतलं होतं तोंड उघडाले?" दिवसभर बोलला नाही. त्याचंही बरोबर आहे. आजाचा डोंगा गेला, आता ड्रायव्हरकीही.

१५ फेब्रु.
आईला सांगायला गेलो. एक शिंपला खिशात नेला होता, का नेला कोण जाणे. तिनं हातात घेतला, उलटापालटा केला, ऐकून घेतलं सगळं.
"म्हंजे त्या तलावानं घात केला."
हाव.
"तवा सुखानं पानी भरू देल्लं नाई. आता पोट्टा बी देऊन नाई राह्यला."
मग उठली, चहा ठेवला. चहा गाळता गाळता म्हणाली, "खोटं सांगून राह्यला असता त तुह्या बापाले आवडलं नसतं." चहात साखर विसरली होती. प्यायलो तसाच.

११ मार्च
नवे आकडे आणि टेपांची यादी सेंटरला जाऊन महिना होत आला. कॅम्प ओकाबोका. मोह फुलायला लागलेत, सकाळी तंबूवर टपटप. ऋषी बोलायला लागला, म्हणजे शिवीपासून सुरुवात केली. "तू येडा हायेस." हो.
रोज संध्याकाळी घरी जातो. आई मोहफुलं भाजते. लहानपणी जेवढं बोललो नसेन तेवढं बोलतोय. बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले त्या रात्री काय जेवले, असले प्रश्न. (पिठलं. आणि म्हणाले, मीठ कमी आहे.)

१७ एप्रिल
नवं सेक्शन आलं.
खळगे भरले. थर आडवे, सपाट, आपले निमूटपणे एका बाजूने दुसरीकडे जातात. उंचवटा गेला.
सगळा नाही. अगदी खालच्या थरात, गावाच्या किंचित उत्तरेला, थोडासा फुगवटा उरलाय. तळहात उलटा ठेवावा एवढाच. खरा असेल किंवा नसेल. घोषसाहेबांनी चष्मा वर करून पाहिलं. "इतने पे कोई कुआँ नहीं देगा. रिपोर्ट में लिखेंगे, एक आड़ी लाइन और चाहिए. अगले साल, या... देखो." माझ्या खांद्यावर हात ठेवला. पार्टी पुन्हा आसामला.

२ मे
तंबू उतरले. ट्रक उद्या.
घरी शेवटचं जेवण. आईला विचारलंच: चल ना माझ्याबरोबर. आसामात झाडं आहेत, पाणी आहे, धान आहे. तिनं मान हलवली. नाई म्हणजे नाई. वाद घालण्यात अर्थ नव्हता, दोघांचे आवाज चढले असते.
मागच्या खोलीत पिशवी भरत होतो. छुई अजून पांढरीशुभ्र. नवी खाट जागा अडवते, म्हणून उचलून भिंतीला उभी केली.
आई दारात आली. "थोडंसं राह्यलं म्हन्ते ना खाली? गावाच्या तिकडं?"
"थोडंसं. हाये की नाई तेही पक्कं नाई, आई."
"पाहाले कोनी येईन?"
"येईल. कधी ते माहीत नाही. कोण येईल तेही."
ती आत आली. खाट धरली, एकटीनंच पुन्हा आडवी केली, वर चादर अंथरली, आणि मी आणलेला शिंपला होता तो खिडकीत सरकवून ठेवला.