बारटक्के ‘तुम्ही’ म्हणाले

पामर्स्टन नॉर्थ, न्यूझीलंड,
ऑगस्ट २०१६

प्रिय अहो,

दचकू नका. आजवर मी तुम्हाला पत्रात कधी ‘प्रिय’ लिहिलं नाही. मकरंदच्या वेळी माहेरी होते तेव्हासुद्धा ‘सा. न. वि. वि.’वर भागवलं, कारण तुमच्या घरी आलेलं पत्र आधी मामंजी वाचायचे आणि मग जेवताना सगळ्यांना त्याचा सारांश सांगायचे. आता हे पत्र तुमच्याखेरीज कोणी फोडणार नाही, तेव्हा घेते हात धुऊन. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण तिथे तुम्ही वाचता, निळ्या खुणा उमटवता आणि गप्प बसता. जन्मभर पोस्टात नोकरी केलेला माणूस पत्राला उत्तर दिल्यावाचून राहायचा नाही, म्हणून हा कागद.

रविवारी फोनवर मी विचारलं, ठरल्याप्रमाणे सप्टेंबरात परत येऊ, की नाताळपर्यंत राहू? ‘तुम्ही ठरवा काय ते,’ असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात. त्याबरहुकूम इथे ठरवणं जोरात सुरू झालं. विनिताला हॉस्पिटलात रात्रपाळ्या लागतात, मकरंद त्याच्या संशोधन संस्थेत गवताच्या मागे, त्यामुळे सिद्धीला शाळेतून आणायला आजी असली की दोघांचंही काम हलकं होतं. मकरंद तर व्हिसा वाढवायच्या वेबसाइटवर जाऊन बसला. बाबांनाही बोलावून घेऊ, असं म्हणत होता. मी म्हटलं, ते यायचे नाहीत. गेल्या खेपेला ‘डेअरी’ अशी पाटी वाचून तुम्ही पहाटेच घासूनपुसून किटली घेऊन गेला होतात, आणि ते निघालं चॉकलेटं, वर्तमानपत्रं विकणारं कोपऱ्यावरचं दुकान! त्या गुजराती दुकानदाराने किटलीत प्लास्टिकच्या बाटलीतलं दूध ओतून दिलं, ते तुमच्या मनाला फार लागलं. तो अजून विचारतो हो, किटलीवाले काका कसे आहेत म्हणून.

पण मी सांगणार होते ते बारटक्क्यांचं. झालं असं की, जूनमध्ये सिद्धीची पुस्तकं बदलायला लायब्ररीत गेले तर भिंतीवर मोठं पोस्टर. एका देखण्या माणसाचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत ‘बारटाक्के’. स्पेलिंगच्या शेवटी जरा जास्तीची अक्षरं होती, पण आपल्याकडेही लोक कुंडलीवाल्याला विचारून नावात अक्षरं वाढवतातच. मला वाटलं, आपला कोकणातला कोणी पोरगा नाव काढून बसला! काउंटरवरच्या बाईंना विचारलं, हे रत्नागिरीकडचे का? त्या बाईंचं नाव जूडिथ. पंचाहत्तरीच्या आहेत, जन्मभर शाळेत फ्रेंच शिकवलं, आणि आता दर बुधवारी सकाळी म्हाताऱ्यांना सिनेमे दाखवतात. त्यांनी सांगितलं की हे फ्रान्समधले मोठे नट, ल्युसिएँ बार्ताक, आणि या थंडीत त्यांचे सगळे गाजलेले सिनेमे क्रमाने दाखवणार आहोत. मी ओशाळले, पण जूडिथला माझं म्हणणं भलतंच आवडलं. पहिल्याच बुधवारी तिने सगळ्यांना सांगून टाकलं की, या नटाचं मूळ घराणं भारतातलं असावं असं एका जाणकार बाईंचं मत आहे. जाणकार बाई मागच्या रांगेत शाल पांघरून बिस्किट खात होत्या.

तर अशी मी बारटक्क्यांची भक्त झाले. इथे थंडी अशी की वारा डोंगरावरच्या पवनचक्क्या फिरवून उरला की आपल्या कानात शिरतो. पण बुधवार मी चुकवला नाही. जूडिथ गाडीने न्यायची. पहिल्या सिनेमात बारटक्के पोस्टमन होते. तीन वाक्यं बोलले आणि टपालासकट सायकलवरून नदीत पडले. तुमच्या खात्याची अशी बेअब्रू पाहून मला तुमची फार आठवण झाली. पुढच्या बुधवारी ते मिशा ठेवून नायक झाले, आणि नायिकेपेक्षा त्यांचेच केस जास्त चमकत होते. मग सिनेमा रंगीत झाला आणि ते रेनकोट घालून इन्स्पेक्टर. मग केस विरळ, म्हणून खलनायक. मधल्या एका बुधवारी त्यांना मगरीने खाल्लं. त्या काळात त्यांना कोणी काम देत नव्हतं म्हणे, जे मिळेल ते करत होते. मला इतकं वाईट वाटलं की घरी येऊन मी मकरंदला म्हटलं, बारटक्क्यांचं काही खरं नाही, आणि तो दोन मिनिटं आपल्या सोसायटीतले बारटक्के आठवत बसला. तुमचं टक्कल पडायला वीस वर्षं लागली, त्या बिचाऱ्याचं आठ दिवसांत पडलं.

खालची इंग्रजी सबटायटल वाचेपर्यंत पडद्यावरची माणसं खोलीतून निघून जातात. म्हणून मी वाचायचं सोडून दिलं आणि नुसती तोंडं बघत आवाज ऐकत राहिले. तेवढ्यात एक गंमत झाली. एका सिनेमात बारटक्के एका विधवेकडे भाड्याने राहतात. सगळा सिनेमाभर अदबीने मीठ मागतात, अदबीने मीठ परत देतात. शेवटी तिच्या हातून बशी पडते, ते वाकून तुकडे उचलतात आणि काहीतरी विचारतात, आणि ती ढसाढसा रडायला लागते. खाली इंग्रजीत आलं, ‘तू दमलीस का’ अशा अर्थाचं. हॉलमध्ये सगळे बुचकळ्यात. आमच्यात एक निवृत्त गाईवाले आहेत, ते म्हणाले, बाई खरंच फार दमली असणार. मग जूडिथने सिनेमा थांबवून सांगितलं की फ्रेंचमध्ये ‘यू’ला दोन शब्द असतात, एक ‘वू’ आणि एक ‘त्यू’, आणि आत्ता तो पहिल्यांदाच ‘त्यू’ म्हणाला. इंग्रजीत हे दाखवायची सोयच नाही. अहो, मी ताडकन उभी राहिले! म्हटलं, आमच्यात आहे. तू आणि तुम्ही. त्यांचं ‘त्यू’ तर आपल्या ‘तू’चं सख्खं भावंड वाटतं.

मग काय, माझीच मुलाखत. तू कोणाला म्हणता? म्हटलं, आईला, मुलांना, मैत्रिणींना, देवाला. आणि नवऱ्याला? नवऱ्याला तुम्ही. गाईवाल्यांचा चहा कपातच राहिला. देवापेक्षा नवरा मोठा? मी म्हटलं, तसं नाही, देव चहाला उशीर झाला म्हणून तोंड फिरवत नाही. मग नावाने हाक मारता का, तर तेही नाही. मग काय म्हणता? म्हटलं, ‘अहो’. झालं, तेव्हापासून तुमचं नाव ‘अहो’ आहे. दर बुधवारी जूडिथ विचारते, अहो कसा आहे? आमच्यातल्या एका माओरी बाईंनी सांगितलं की त्यांच्या भाषेत ‘अहो’ म्हणजे विणायचा दोरा. मी म्हटलं, बरोबर आहे, अधूनमधून गुंता होतो.

घरी मात्र उलटा प्रकार. आपली सिद्धी जगाला तू म्हणते. इंग्रजीत एकच शब्द, तिने तो मराठीत आणला. सत्यनारायणाला आलेल्या भटजींना ‘तू जेवलास का?’ म्हणाली, ते कौतुकाने लाडू जास्त खाऊन गेले. आणि फोनवर तुम्हाला ‘आजोबा, तू कम ना!’ म्हणते तेव्हा तुमचा आवाज कसा होतो ते मी ऐकलंय. माझ्याशी कधी त्या आवाजात बोलला नाहीत.

काल शेवटचा सिनेमा होता. बारटक्के आता थकलेत, हातात काठी. त्यांची बायको दूर समुद्राकाठी मुलीकडे गेलेली. ती फोन करून विचारते, अजून थोडे दिवस राहू का? बारटक्के स्वयंपाकघरात फोन धरून उभे राहतात आणि एक वाक्य बोलतात. त्यात ‘वू’ मला स्वच्छ ऐकू आलं. खाली इंग्रजीत नुसतं ‘ॲज यू लाइक’. गाईवाले खूश झाले, म्हणाले, भला माणूस, कटकट नाही. मी जूडिथला हळूच म्हटलं, मुलगी-जावई धरून सगळ्यांना म्हणत असेल ना? तुमच्या ‘वू’चाही आमच्या ‘तुम्ही’सारखा अनेकांसाठी उपयोग होतो ना? जूडिथ म्हणाली, नाही, मनोरमा, तो फक्त बायकोला म्हणतोय. आख्ख्या सिनेमात तिला ‘त्यू’ म्हणत होता, आता दुखावलाय. बारटक्क्यांनी फोन ठेवला, सवयीने दोन ताटल्या काढल्या आणि एक परत ठेवली. मला पुढचं काही दिसलं नाही. लोकांना वाटलं, नटाच्या प्रेमात पडलेली बाई आहे, आणि मला दोन बिस्किटं जास्त मिळाली.

म्हणून हे पत्र. रविवारचं तुमचं ‘तुम्ही ठरवा’ मी आम्हा सगळ्यांसाठी धरलं, आणि आनंदाने ठरवायलाही बसले. इतक्या वर्षांत मला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नाहीत, म्हणून कळलंच नाही हो. शेजारच्या शांताताईंनी मागेच कळवलं होतं, भावोजी रोज दोन कप चहा करतात आणि दोन्ही स्वतःच पितात. मी म्हटलं, तरीच ॲसिडिटी. मीही मठ्ठच. मकरंदला सांगितलंय, ती वेबसाइट बंद कर. सिद्धीला शाळेतून आणायचं जूडिथने आपणहून अंगावर घेतलंय, बदल्यात तिला पुरणपोळी शिकवायची आहे. मी ठरलेल्या विमानाने येतेय, कारण मलाही तिथेच यायचंय. नाताळात परत येऊ, पण दोघं, आणि किटली घरी ठेवून. आता एक करा. थांबा, हात अडखळतोय, पण सिद्धीला जमतं तर मला का नाही? आता एक कर. विमानतळावर मला न्यायला ये. स्वेटर घालून उगाच लवकर येऊन बसू नकोस, पण ये. मी बाहेर आले की ‘आलात का?’ असं विचारू नकोस. ‘आलीस?’ म्हण. बॅग मी उचलते.

तुझीच
(पहिल्यांदाच लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं आलंय)
मनोरमा