ओळखीचा आवाज

मंगळवार, ४ फेब्रुवारी

काल इथे आल्या आल्या लिहिलं की देशभरातले धोक्याचे इशारे मी वाचणार आहे. ते चूक आहे. मी इशारे वाचणार नाही, सुटे शब्द वाचणार आहे. घर. दार. धूर. पूर. लगेच. थांबा. उघडू नका. पुढची सूचना मिळेपर्यंत. खरोखरच काही संकट आलं की यंत्र यातले हवे ते शब्द उचलून वाक्य जोडणार, आणि त्या भागातल्या प्रत्येक मोबाइलवर आधी कर्कश भोंगा वाजणार, मग माझ्या आवाजात ते वाक्य. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. घाईत लिहिलं की असं होतं, म्हणून आज आधी दुरुस्ती.

बाकी कालचं सगळं खरं आहे. खोली छान आहे, वरच्या मजल्यावरची. नळ स्वतंत्र, आणि त्याला दिवसभर पाणी! खाली घरमालकीण काकू राहतात. एवढ्याशा पोरीचा आवाज देशाला पुरेल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मशीन लावणार आहेत. त्या पोट धरून हसल्या आणि मला चहाला बसवूनच घेतलं. इशाऱ्यांच्या कचेरीतल्या मॅडम म्हणाल्या की निवडीला आलेल्या बाकीच्या मुली बातम्या दिल्यासारख्या बोलत होत्या, तुझा आवाज घरातला वाटतो.

शनिवार, ८ फेब्रुवारी

ध्वनिमुद्रणाच्या खोलीच्या भिंतींना गाद्या लावल्यात. आत माझा श्वासही मला मोठा ऐकू येतो. काचेपलीकडे मुद्रण करणारे काका बसतात, कानांवर मोठे हेडफोन. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की देशाशी बोलू नकोस, देश कुणाचं ऐकत नाही. एक माणूस धर, जो तुझं ऐकतो.

मी आईला धरलं.

आई आमच्या गावी एकटी असते, इथून बसनं तासाभरावर. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. दुसरीत होते तेव्हापासून विजेचं बिल, औषधाची बाटली, बसची पाटी, सगळं तिला मीच वाचून दाखवते. दुसऱ्या कुणी वाचून दाखवलं तर ती ऐकून घेते आणि म्हणते, असेल, पण लेक येऊ दे. म्हणून ‘उघडू नका’ म्हणताना मी आईलाच सांगते आहे असं समजते. आधी एक बारीकसा श्वास घेते, तिला काही समजावताना घेते तसा. आज ‘लगेच’ पुन्हा म्हणू द्या असं मी इतक्यांदा सांगितलं की काकांनी विचारलं, बाई, आपत्ती याच वर्षी यायची आहे ना?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज चाचणी झाली. मी किराणा दुकानाच्या रांगेत होते. एकदम सगळ्यांच्या खिशांतून, पिशव्यांतून भोंगा, आणि मग मी. ही चाचणी आहे. काही करू नका. रांगेतला एकेक माणूस हातातल्या फोनकडे बघत होता आणि मी त्यांच्यातच उभी होते. कुणाला सांगितलं नाही. फार अभिमान वाटला, हे लिहायला लाज वाटते.

संध्याकाळी आईचा फोन. ती तर चपला घालून, शेगडी बंद करून दारात उभी राहिली होती. मग तू म्हणालीस काही करू नका, म्हणून काहीच केलं नाही, दुपारची भांडीही तशीच आहेत, म्हणाली. आम्ही दोघी खूप हसलो.

सोमवार, १७ फेब्रुवारी

दुकानात पाव मागितला आणि दुकानदाराचा हात डब्यातच राहिला. मागची बाई खिशातला फोन चाचपायला लागली. तिच्या कडेवरचं पोर भोकाड पसरून रडलं. मी पुन्हा, हळू आवाजात मागितला, तर आणखीच वाईट झालं.

काकूंनी हसतच सांगितलं की जिन्यातून हाक मारत जाऊ नकोस, छातीत धस्स होतं बाई, चिठ्ठी टाकत जा. त्यांचा काही दोष नाही. चाचणी झाल्यापासून चहाला मात्र बोलावलं नाही.

कचेरीतलं काम संपलंय. एखादा नवा शब्द लागला तर जवळ असावी म्हणून महिनाअखेरपर्यंत थांबायचं आहे. मी खोलीत बसते. दुकानात बोटानं दाखवते. दिवसभरात बोलते ती फक्त आईशी, फोनवर. आज तिनं विचारलं, घसा बसलाय का गं? मी हो म्हटलं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

नीट क्रमानं लिहिते.

दुपारी जेवायला बसले तेव्हा भोंगा वाजला. मग माझा आवाज. घरात थांबा. दारंखिडक्या लावून घ्या. बाहेरून ओळखीचा आवाज येईल. धोका टळला असं म्हणेल. दार उघडू नका.

धावत कचेरीत गेले. रस्ता रिकामा होत होता, दुकानांची शटरं पडत होती. मॅडम म्हणाल्या, आम्ही काहीच पाठवलेलं नाही. त्यांनी वर विचारलं. वरचे म्हणतात खालून गेलं, हे म्हणतात वरून आलं. काकांनी माझे सगळे शब्द पुन्हा ऐकवले. ‘ओळखीचा’ त्यात नाही. ‘आवाज’ नाही. ‘म्हणेल’ तर नाहीच. हे शब्द मी तिथे कधी उच्चारलेलेच नाहीत. पण फोनवर ऐकलं तेव्हा ‘उघडू नका’च्या आधी तो बारीक श्वास होता.

आईला फोन लावला. ती खुशीत होती, तू सांगितलंस तसं सगळं लावून घेतलंय म्हणाली. मी म्हटलं, आई, ते मी सांगितलेलं नाही, काही धोका नाही, दार उघड.

तिकडे दाराची कडी हलवून बघितल्याचा आवाज आला. मग तिनं मला विचारलं, कोण बोलतंय?

मी म्हटलं, मी.

ती अगदी हळू म्हणाली की माझ्या लेकीनं आत्ताच सांगून ठेवलंय, असा आवाज येईल म्हणून. आणि फोन ठेवला.

रविवार, २३ फेब्रुवारी

आई फोन उचलत नाही. गावी तिच्या शेजारच्या वहिनींना लावला. त्यांनी माझं ‘हॅलो’ ऐकलं आणि ठेवून दिला.

इथेही दारं बंदच आहेत. पडद्याआड माणसं दिसतात. काकूंच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली. तशीच परत बाहेर आली.

आमच्या घरात नळ नाही. गल्लीच्या तोंडाशी आहे. आई दार उघडणार नाही म्हणजे पाण्यालाही जाणार नाही. मडक्यात किती असेल?

सोमवार, २४ फेब्रुवारी

मॅडमनी बोलावून घेतलं. खुलासा पाठवायचा, तोही त्याच आवाजात, म्हणजे लोकांचा विश्वास बसेल. मी गादीच्या खोलीत गेले आणि वाचलं. धोका टळला आहे. दार उघडा. काकांनी डोळे पुसले. लगेच पाठवलं.

बाहेर येऊन उभी राहिले. सगळ्या घरांतून एकदम मी बोलले. आणि मग सगळ्या घरांतून कड्या सरकवल्याचे आवाज आले. एकापाठोपाठ, पार रस्त्याच्या टोकापर्यंत.

आधीच्या इशाऱ्यात हेच तर सांगितलं होतं — की ओळखीचा आवाज येईल, आणि धोका टळला म्हणेल. मला आधी कसं सुचलं नाही —

घरी आले तर काकू आतून कपाट ओढत दाराला लावत होत्या. माझी पावलं ऐकून ओरडल्या, तुला माझ्या हातानं चहा पाजला गं, का छळतेस?

कचेरीबाहेर आज माझ्याशी कुणी बोललं ते एवढंच.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

बसस्थानकावरच्या माणसानं काचेआडून कागद दाखवला. ड्रायव्हर कामावर येत नाहीत. एक गाडी सुटेल, गुरुवारी.

मडकं रिकामं झालं असणार. नक्कीच झालं असणार.

ठरवलंय. गुरुवारी जायचं. दाराशी बोलायचं नाही, एक शब्दही नाही. चिठ्ठी तिला वाचता येत नाही. दाराखालच्या फटीतून नुसता हात आत घालायचा. हात ती ओळखेल. लहानपणी भाजलेला, वण राहिलेला अंगठा तिनंच कित्येक दिवस बांधला होता. हाताला आवाज नसतो.

कुणाला सांगायला माणूसच नाही. फक्त इथे लिहिलं.

— भोंगा —

माझा आवाज. जसाच्या तसा उतरवते. गुरुवारी एक मुलगी दाराशी येईल. ती बोलणार नाही. फटीतून हात आत घालेल. हात धरू नका.

तो श्वासही होता. आधी.

मी कुणाला — नुसतं लिहिलं होतं —

आईनंही ऐकलं असेल. मान डोलावली असेल.

मग गुरुवार नको. गाडीही नको. उजाडलं की पायी निघते, अंधार पडायच्या आत पोचेन, खिडकी फोडते, तिनं मारलं तरी चालेल, उचलून बाहेर आणते. उद्याच. बुधवार, २६ फेब्रुवारी.

भोंगा. पुन्हा. खाली काकूंच्याही फोनवर, समोरच्या घरांतही —

मीच बोलतेय. गुरुवारी नाही, म्हणतेय. ती बुध—